गव्याला मुभा, गावाला नोटीस

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जेथे म्हादई उगम पावते त्या देगावच्या परिसरापासून तळेवाडी, गवाळी, आमगावपर्यंतच्या रानात जी माणसे राहतात ती काल-परवा येऊन बसलेली नव्हेत. भीमगड अभयारण्य जाहीर झाले 2011 साली. त्यापूर्वी कित्येक पिढ्या ही मराठी गावे गव्यांच्या, अस्वलांच्या नि बिबट्यांच्या शेजाराने नांदत होती. आता अशी 13 गावे रानाबाहेर काढावीत, असे कर्नाटक सरकारच्या मनाने घेतले आहे. कारण काय, तर वन्य प्राण्यांना निवांतपणा हवा! ज्यांच्या शेजारात हे प्राणी आजवर टिकले त्यांच्यामुळेच ते उद्या नाहीसे होतील, हा शोध ज्या कचेरीत लागला तिच्या भोवती मैलोगणती एक सांबर दिसत नाही.

आम्हां शहरवासीयांचे वर्तन तरी काय आहे? 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या जाधवनगरात एका बिबट्याने एका मजुराला जखमी केले आणि पुढे तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या वीस-बावीस शाळांना कुलपे लागली, पिंजरे मांडले गेले, शिमोग्याकडील सक्रेबैलच्या तळावरून हत्तीसुद्धा आणविले. बिबट्या अखेर हाती लागला नाही तो नाहीच. ती भीती खरी होती. तिची टवाळी आम्ही करणार नाही. परंतु त्याच दिवसांत रानातल्या वाड्यांची पोरे रानवाटेनेच शाळेला जात होती. त्यांच्यासाठी कोणी पिंजरा मांडला नाही, आणि आम्हां बेळगावकरांपैकी कितीजणांना त्यांची आठवण झाली?

खानापूरचा शेतकरी हा काही चित्रातला प्राणिमित्र नव्हे. सुगीच्या दिवसांत माळ्यावर बसून, डबे बडवून, शेकोटी पेटवून त्याने रात्र जागविलेली असते. आणि पहाटे डोळा लागताच कळप शिरून भात आडवे होते, तेव्हा त्याच्या मुखातून जे शब्द निघतात ते या स्तंभात छापण्याजोगे नाहीत. तरीही हाच माणूस वाघदेवाच्या पाषाणापुढे नारळ ठेवतो. अस्वलाची वाट कोणती, कोणत्या वेळी जाळीत शिरू नये, पिल्लू बरोबर असलेल्या गव्याच्या मादीपासून किती अंतर राखावे, हे त्याला ठाऊक असते आणि तो आपल्या पोरांना शिकवितो. रानाचा वाटा रानाला गेला, उरले ते आपले, असा हिशेब त्याने मनाशी मांडलेला आहे. या हिशेबात तो दरसाल तोटा सोसतो.

मात्र हा तोटा हाताबाहेर जाऊ लागला की काय होते, तेही डोळ्यांआड करता येणार नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये सुळेगाळीच्या शिवारात दोन हत्ती विजेच्या धक्क्याने मेले. कुंपणाच्या तारेत वीज सोडणे हा गुन्हा आहे, आणि आमच्या भाषेचा माणूस करतो म्हणून तो क्षम्य ठरत नाही, हे आम्ही येथे स्पष्ट सांगतो. त्या तारेने उद्या शेजाऱ्याचे मूलही मरेल. पण ज्याच्या हाती भरपाई वेळेवर पडते तो तारेकडे सहसा वळत नाही, हेही तितकेच खरे.

आता कायदा पाहा. 2006 चा वनहक्क कायदा संकटग्रस्त वन्यजीव अधिवासांतूनही माणसांना हलविण्यापूर्वी अटी घालतो. रहिवाशांचे हक्क आधी निश्चित झाले पाहिजेत, सहजीवनासारखा पर्याय शिल्लक नाही असा निष्कर्ष राज्य सरकारने काढला पाहिजे, आणि ग्रामसभेची सर्व माहितीनिशी दिलेली मुक्त संमती लेखी मिळाली पाहिजे. हाच कायदा शाळा, दवाखाना, रस्ता, वीज यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन, हेक्टरी 75 हून अधिक झाडे न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीवरून देण्याची सोय करतो. मग रस्ता का नाही? पावसाळ्यात आजाऱ्याला डोलीत घालून मैलोगणती का वाहावे लागते?

तळेवाडीच्या कुटुंबांनी जाण्यास संमती दिली आणि 2025 मध्ये त्यांच्या हाती प्रत्येकी 15 लाखांपैकी 10 लाखांचा पहिला हप्ता पडला. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही कदाचित तेच केले असते. परंतु रस्ता द्यायचा नाही, दिवा द्यायचा नाही, दवाखाना द्यायचा नाही, आणि माणूस कंटाळून उठला की त्यास ‘स्वेच्छा’ म्हणायचे, या स्वेच्छेला आमचा सक्त विरोध आहे. शिवाय 15 लाखांत घर आणि शेती दोन्ही उभी राहतात काय, हे ज्याने अलीकडे बेळगावनजीक गुंठाभर जागा घेतली असेल त्यास विचारावे!

कोणी म्हणेल, सीमाप्रश्न येथेही आणलात! तर ऐका. हा भाग उद्या महाराष्ट्रात गेला म्हणून हत्ती भात खाण्याचे थांबणार नाहीत. दांडेलीच्या रानातून निघालेले हत्ती 2002 साली दोडामार्गात शिरले. तेथील आणि चंदगडचा शेतकरीही तेव्हापासून हेच गाऱ्हाणे गातो आहे. फरक एवढाच, की तेथे पंचनामा त्याला वाचता येतो. आमच्या शेतकऱ्यापुढे कन्नड कागद येतो, तो अंगठा उठवितो, आणि किती गुंठ्यांचे नुकसान लिहिले ते त्याला दुसऱ्याकडून कळते. घटनेचे 350 वे कलम गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा हक्क देते. उत्तर कोणत्या भाषेत यावे याविषयी मात्र ते मौन पाळते. ‘सर्व माहितीनिशी संमती’ असे कायदा म्हणतो, ती माहिती न कळणाऱ्या भाषेत दिली तर दिली कशी म्हणावी?

तेव्हा पुनर्वसनाचा कागद ज्या गावच्या ग्रामसभेपुढे येईल, त्या गावाने प्रथम त्याची मराठी प्रत मागावी आणि ती हाती पडेपर्यंत सही वा अंगठा देऊ नये. वनहक्काचे दावे निकाली निघाले आहेत काय, हे त्याच सभेत विचारून इतिवृत्तात लिहवून घ्यावे. बेळगाव-खानापुरातील ज्या वकीलमंडळींना सीमाप्रश्नाच्या व्यासपीठावर कंठ फुटतो, त्यांनी त्या दिवशी गावकऱ्यांशेजारी जाऊन बसावे. हेम्माडग्यापर्यंत गाडी जाते. पुढच्या कित्येक वाटा पावसाळ्यात पायीच तुडवाव्या लागतात.