सेन्सर बदलण्याआधी वायर बघा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमची २०१४ ची गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. दुरुस्त झाली, पळायलाही लागली. पण गेल्या पावसाळ्यापासून अ‍ॅव्हरेज १७ वरून १३ वर! गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, एरर कोड नाही. तरी निदान तयार: "ऑक्सिजन सेन्सर गेला, साहेब." बदलला. अ‍ॅव्हरेज तेवढंच.

प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतो तेव्हा आम्ही आधी त्याला मिळणारे आकडे बघतो. (निदान बघायला हवेत!) म्हटलं, इथेही तेच करू. कुंभार्ली घाट चढून थांबलो आणि ब्लूटूथ स्कॅनर मोबाईलला जोडला. कूलंटचं तापमान ५८! घाट चढलेलं इंजिन ९० च्या आसपास हवं.

हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. ९० अंशांना साधारण अडीचशे ओहम. कनेक्टरच्या पिना गंजून त्यात तीन-चारशे ओहमची भर पडली, की ईसीयूला इंजिन थंड वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. ५८ हा आकडा अशक्य नाही, म्हणून कोडही येत नाही. वर रेडिएटरचा पंखा वेळेवर लागत नाही तो वेगळाच. ट्रॅफिकमध्ये अडकलो असतो तर हेड गॅस्केटच गेलं असतं.

पिना घासल्या. तापमान ८९.

गॅरेजवाल्यावर माझा राग नाही. पार्टचे पैसे आपण मुकाट देतो, पण दोष शोधण्याचे मागितले की "नुसतं बघायचे कसले पैसे?" म्हणून भांडतो. मग तो बिचारा पार्टच बदलणार ना!