वर्षभर थांबणार असाल, तरच या

बारावीचे निकाल लागतात आणि दरवर्षी महाराष्ट्रातल्या बालगृहांमधून काही मुलंमुली बॅग भरून बाहेर पडतात. 18 वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ती 'बालक' राहत नाहीत. काहींना बालगृहानंतरच्या निवाऱ्यात, म्हणजे अनुरक्षणगृहात जागा मिळते, काही लांबच्या नातेवाइकांकडे जातात, काही थेट कामाला लागतात. खोली भाड्यानं बघायला गेलं की घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, 'घरी कोण असतं?' वसतिगृहाच्या अर्जावर पालकाच्या सहीची जागा कोरी राहते. दिवाळीत मेस बंद होते, खोलीतले सोबती गावी जातात, आणि त्या चार-पाच दिवसांत जेवायचं कुठे हे कुणाला विचारावं तेही कळत नाही.

या तरुणांसाठी हे आवाहन आहे. ते देणगीसाठी नाही. त्यांना माणसं हवी आहेत.

कागदावर बऱ्याच गोष्टी आहेत, आणि त्या मिळवण्यासाठी झगडलेल्यांचं ऋण मोठं आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार आणि त्याखालच्या नियमांनुसार या मुलांना 21 व्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत 23 व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाचा आधार देता येतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत त्यासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत 1 टक्का आरक्षण देण्याचा निर्णय राज्यानं 2018 मध्ये घेतला. पण अनाथ प्रमाणपत्र हातात असूनही प्रवेशाच्या कोणत्या फेरीत कोणता पर्याय भरायचा हे समजावणारं कुणी नसेल, तर ती जागा हातची जाते. पहिल्या नोकरीत वरिष्ठ ओरडला आणि रात्री सगळं सोडून निघून जावंसं वाटलं, तर 'सकाळपर्यंत थांब, मग बोलू' एवढं म्हणणारं कुणीतरी लागतं. कोणत्याही शासन निर्णयातून असं माणूस मिळत नाही.

अशा एका माणसाची किंमत काय असते हे एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलं पुढे सक्षम, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा निदान एक प्रौढ माणूस असा होता, जो त्यांना धरून राहिला. तो आईवडिलांपैकीच असायला हवा होता असं नाही. आजी असेल, शिक्षक असेल, शेजारी असेल.

इथवर वाचून तुमचं मन तयार झालं असेल, तर पुढचं जास्त लक्ष देऊन वाचा. अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या जुन्या मेंटॉरिंग कार्यक्रमाच्या, म्हणजे मुलाला एका प्रौढ माणसाची नियमित सोबत जोडून देणाऱ्या उपक्रमाच्या, माहितीवरून जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांचं मेंटॉरशी नातं वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलं, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. ज्यांचं नातं पहिल्या तीन महिन्यांतच तुटलं, त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. म्हणजे अर्धवट सोडलेली मदत नुसती वाया जात नाही, ती इजा करते. ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलं आहे, त्याला आणखी एकदा सोडून जाण्याचा हक्क आपल्याला नाही.

आपल्याकडे या मुलांना पाहुण्यांची वाण नाही. वाढदिवसाला केक घेऊन येणारे, वह्या वाटून फोटो काढणारे, प्रेरणादायी व्याख्यान देऊन 'पुन्हा येईन' म्हणणारे खूप असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण मूल नव्या माणसाकडे काही अपेक्षा न ठेवता बघायला शिकतं, ते अशाच भेटींमधून. हे मला या सगळ्यातलं सर्वांत गंभीर नुकसान वाटतं.

म्हणून नातं ठरवून, हळूहळू बांधावं लागतं. महिन्यातून दोनदा भेटायचं तर दिवस आणि वेळ ठरलेली हवी. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी स्वतः फोन करायचा, निरोप धाडायचा नाही. पहिले काही महिने आईवडिलांबद्दल, भूतकाळाबद्दल एकही प्रश्न नको, तिला किंवा त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा ऐकून घ्यायचं. समोरासमोर बसून 'मोकळेपणानं बोल' म्हटलं की कुणीच बोलत नाही. बँकेत खातं उघडायला बरोबर जा, बसचा पास काढा, पोहे करा, नोकरीचा अर्ज शेजारी बसून भरा, बोलणं त्यातून निघतं. मध्येच तो फोन उचलणार नाही, ती ठरलेल्या ठिकाणी येणार नाही. बऱ्याचदा ही तुमची परीक्षा असते, उद्धटपणा नसतो. पुढच्या वेळी रागावल्याशिवाय तिथेच, त्याच वेळी उभे राहा.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट हव्यात. ज्या संस्थेमार्फत तुम्ही त्या मुलाशी जोडले जाल, भेटी तिच्या माहितीत आणि चारचौघांत व्हाव्यात. हातउसने पैसे देऊ नका, गरज संस्थेला कळवा. चारित्र्य पडताळणीचा राग मानू नका, ती या मुलांच्या सुरक्षेसाठी आहे.

संस्थांनाही कळकळीची विनंती आहे. स्वयंसेवकांचा आकडा वाढवण्याआधी त्यांना प्रशिक्षण द्या आणि दर महिन्याला त्यांची विचारपूस करणारा एक समन्वयक नेमा. मेंटॉर एकटा पडला की तोही गळतो. एखाद्याला खरोखर थांबावं लागलं, तर शेवटची भेट ठरवून घ्या, म्हणजे त्या मुलाला कारण त्याच माणसाच्या तोंडून कळेल. आणि सामाजिक जबाबदारीचा निधी देणाऱ्या कंपन्यांनी एकदिवसीय कार्यशाळेऐवजी या समन्वयकाचा तीन वर्षांचा पगार द्यावा. अहवालात तो उठून दिसणार नाही, तरी द्यावा.

तुमच्या जिल्ह्यातल्या महिला व बालविकास कार्यालयात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. याच आठवड्यात तिथे जा आणि यंदा 18 वर्षं पूर्ण करून बालगृहाबाहेर पडणाऱ्यांसोबत कोणती संस्था काम करते ते विचारा. पडताळणी आणि प्रशिक्षणाला वेळ लागतो. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर जाल, तर यंदाच्या मुलांना तुमचा उपयोग होणार नाही. आणि असं एखादं नातं सुरू करून तुमच्याकडून मध्येच सुटलं असेल, तर त्या संस्थेला विचारून आज त्याला किंवा तिला फोन करा. का थांबलात ते खरं सांगा, आणि जे पाळता येईल तेवढंच कबूल करा.