कोयत्याला अटी, कारखान्याला मोकळीक

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील ऊस उत्पादक शेतकरी बंधू-भगिनींनो, ग्रामपंचायत सदस्यांनो आणि कारखान्यांच्या संचालक मंडळींनो,

दिवाळीच्या आसपास आपल्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. पेट्या, हंडे, ताडपत्र्या, बाजरीची पोती, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसे. बीड, पाथर्डी, शेवगाव, चाळीसगाव, नंदुरबारकडची. आलेगाव, पाटस, पाटेठाण, जातेगाव, रावडेवाडी, कुठल्या तरी कारखान्याच्या नावावर ती येतात आणि हंगामभर आपल्या शिवारात राहतात. टोळी आली म्हटले की आपला जीव भांड्यात पडतो. त्या टोळीतली कुटुंबे कोणत्या अटींवर इथे आली, हे मात्र आपण कधी विचारत नाही. हे पत्रक तेवढ्यासाठीच काढले आहे. काढणारे आम्हीही ऊसवालेच आहोत.

अटी ऐका. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. ती घेतली त्याच क्षणी कारखाना कुठला, गाडी कोणाची, पट्टा पडेपर्यंत कुठे राहायचे, हे सगळे ठरून जाते. मध्येच दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही. बायको म्हणाली, यंदा मी पोरांजवळ गावी राहते, तर कोयता मोडतो आणि उचल परत द्यावी लागते. एक दिवस फडात गेले नाही की खाडा धरतात आणि वर दंड कापतात. ताप असो, पाळी असो, सातवा महिना असो, खाडा तो खाडाच. गावाकडे मयत झाली तरी आधी मुकादमाला विचारायचे.

राहायची जागाही दुसराच दाखवतो. दौंडकडे खडकवासल्याच्या कालव्याच्या कडेला, शिरूरकडे चासकमानच्या कालव्यालगत किंवा सरळ कापल्या फडाच्या बांधावर पाचट आणि ताडपत्रीची खोपी. आत ताठ उभे राहता येत नाही. पाणी ज्याच्या विहिरीवर मिळेल त्याच्या मर्जीचे. संडास म्हणजे शेजारचा न तोडलेला ऊस, आणि त्याच उसात बिबट्या. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेडला लहान मुले बिबट्याने नेली तेव्हा आपण सगळे रस्त्यावर उतरलो, आणि ते बरोबरच होते. आपल्या घरांना निदान दार आहे. पहाटे चारला फडात निघालेल्या बाईचे तान्हे मूल बांधावरच्या झोळीत असते, त्याच्यासाठी आंदोलन कोण करणार?

एकदा रात्री गाडी भरताना उभे राहून बघा. दिवसभर ऊस तोडून, साळून, मोळ्या बांधून झालेल्या असतात. गाडी येते रात्री अकराला, कधी दोनला. ट्रकला फळी लावतात. बाई डोक्यावर चुंबळ ठेवते, त्यावर मोळी घेते आणि त्या तिरक्या फळीवरून वर चढते. उतरते, पुन्हा चढते. वजनकाट्यावर जे टन भरतात ते नवऱ्याच्या नावावर. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे, उचलीच्या कागदावर अंगठा नवऱ्याचा. अर्धे काम जिचे, तिचे नाव कोणत्याच कागदावर सापडत नाही.

आता हिशोब. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. मुकादमाचे कमिशन 20 टक्के झाले. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो. म्हणजे दोघांचे मिळून सव्वासातशे-साडेसातशे रुपये, तेही पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबून. लाखाची उचल फेडायला पावणेतीनशे टन लागतात, म्हणजे एकही खाडा न करता सुमारे 137 दिवस. खाण्यापिण्यासाठी जी खर्ची मिळते ती याच हिशोबात वळती होते. आता आठवून सांगा, गेल्या काही वर्षांत आपल्याकडे किती कारखाने 137 दिवस चालले? कारखाने वाढले, गाळपाची क्षमता वाढली, ऊस तेवढाच राहिला. हंगाम आखडला की आपण म्हणतो, बरे झाले, लवकर उरकले. तिकडे त्या माणसाची उचल अंगावर फिरते आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडे, त्याच अटींवर यावे लागते. आगाऊ पैशापोटी माणसाला दुसरीकडे काम करायची, हवे तिथे जायची मुभा उरत नाही, याला 1976 च्या कायद्याने वेठबिगारी म्हटले आहे. शब्द कडू आहे खरा, पण कायदा देशाच्या संसदेने केलेला आहे.

बांधून घेणाऱ्या अटी दुसरीकडेही असतात. आपल्याच गावांतली शिकलेली मुले हल्ली ऑस्ट्रेलियाला जायची खटपट करतात. तिकडे 494 क्रमांकाचा एक व्हिसा आहे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून इतर भागांतला मालक माणसाला पुरस्कृत करतो. त्या माणसाने आणि त्याच्या कुटुंबाने त्याच ठरलेल्या भागात राहायचे आणि माणसाने मालकाने नेमून दिलेलेच काम करायचे. तीन वर्षे अशी काढली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. हीही बांधिलकीच आहे आणि तिच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. मालकाच्या मुठीत तीन वर्षे राहणे हे काही सुख नव्हे. पण तिथे अटी मालकालाही आहेत. पुरस्कृत करण्याचा खर्च त्याने कामगाराकडून वसूल करायचा नाही. स्थानिक माणसाला जो पगार तोच याला द्यायचा. कामगाराने लेखी मागितले तर मायदेशी परतण्याचे भाडेही द्यायचे. नोकरी सुटली तर दुसरा मालक शोधायला कामगाराला पूर्वी कमी दिवस मिळत, 1 जुलै 2024 पासून एका वेळी 180 दिवस मिळतात. आणि तीन वर्षांनंतर हातात काही पडते. आपल्या पोराला असा कागद मिळाला तर आपण त्याची ओळ न् ओळ चार जणांकडून वाचून घेतो. आपल्या उसात येणाऱ्या कुटुंबाला असा कागदच नाही, आणि दहा हंगाम काढले तरी त्याच्या हाती उरते ती अकराव्या हंगामाची उचल.

या कुटुंबाला इथे आणणारा मालक नेमका कोण? कारखान्याला विचारा, ते म्हणतात आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो मी पैसे मुकादमाला दिले. मुकादम म्हणतो मी तर यांच्यातलाच एक. पण उचलीचा पैसा निघतो कारखान्याकडून, नाहीतर कारखान्याच्या हमीवर बँकेने वाहतूकदाराला दिलेल्या कर्जातून. कुठल्या गटात कधी तोड द्यायची ते कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, स्लिप कारखान्याचा माणूस फाडतो, काटा कारखान्याचा. एवढे सगळे हातात ठेवून फक्त माणसे आपली नाहीत म्हणायचे, हा शहाणपणा सरकारनेही वर्षानुवर्षे चालू दिला.

आणि पैसा शेवटी कोणाचा? आपला. 2025-26 साठी एफआरपी टनाला 3,550 रुपये आहे, सव्वादहा टक्के उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक कापून उरलेले आपल्या खात्यावर येतात. आपल्या बिलातून कापलेला तो पैसा कोणत्या हातांतून जाऊन तोडणाऱ्या बाईपर्यंत किती पोचतो, हे विचारायचा हक्क प्रत्येक ऊस उत्पादकाला आहे. तो आपण वापरत नाही, कारण आपल्याला तोड हवी असते.

कायद्याचे पाहू. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदार बिहार, उत्तर प्रदेशातून कामगार आणतो, त्यांच्यासाठी 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. प्रवासभत्ता, निवास, औषधोपचार, सगळे त्यात लिहिलेले होते. पाळले किती गेले ही गोष्ट वेगळी. आता त्या जागी 2020 ची श्रमसंहिता आली आहे. दोन्हींत स्थलांतरित कोण, तर राज्याची सीमा ओलांडून आलेला. बीडहून दौंडला आलेले कुटुंब घर सोडते, शाळा सोडते, रेशन दुकान सोडते, पण महाराष्ट्र सोडत नाही. म्हणून या व्याख्येत बसत नाही. ज्या महाराष्ट्राने 1969 साली देशात पहिला माथाडी कायदा केला, हमालाच्या पाठीवरच्या पोत्याची नोंद मंडळाकडे लावली, त्याच महाराष्ट्राला डोक्यावरच्या मोळीची नोंद अजून लावता येत नाही, हे पटण्यासारखे नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, टनामागे 10 रुपये कारखान्याने आणि तेवढेच सरकारने द्यायचे असे ठरलेले आहे. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे मंजूर झाली. चांगले आहे. पण महामंडळाने दिलेले ओळखपत्र खोपीत पाणी आणत नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याचे जे सर्वेक्षण आले, त्यात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली निघाली. कारणे एक नाही, अनेक सांगितली गेली. खाड्याची भीती त्यांतले एक, आणि त्या खाड्याचा हिशोब आपल्याच फडात होतो.

आता आपल्या बाजूचे ऐकून घेऊ, कारण हे पत्रक वाचून पारावर हेच बोलले जाणार आहे. मुकादम लाखो रुपये उचलून पळतात, वाहतूकदार देशोधडीला लागतात, आपल्याच गावातल्या पोरांचे ट्रॅक्टर बँकेने ओढून नेले. खरे आहे. तोड द्यायला खुशाली मागतात, ड्रायव्हर एंट्री मागतो, उसाला तुरे आले तरी टोळी फिरकत नाही. तेही खरे आहे, आम्हीही खुशाली मोजली आहे. पण पळणारा मुकादम पळू शकतो तो का? कोणत्या कोयत्याला किती दिले याची कारखान्याकडे पक्की नोंद नसते म्हणून. एकच कोयता तीन मुकादम तीन कारखान्यांना विकतात ते त्यामुळेच. नाव, आधार, बँक खाते घेऊन नोंद झाली तर तोडणाऱ्याचे भले होईल आणि वाहतूकदारही वाचेल. आणि खुशाली? 366 रुपयांतून उचल, खर्ची आणि खाडा वजा जाऊन ज्याच्या हाती काही उरत नाही, तो शेतकऱ्याकडे हात पसरणारच. हार्वेस्टर आले की प्रश्न मिटेल असे काही जण म्हणतात. दोन-दोन एकरांच्या तुकड्यांत आणि ओल्या रानात हार्वेस्टर कुठवर फिरतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की कारखान्याने उघडपणे या कुटुंबांचा पुरस्कर्ता व्हावे. करार लेखी, मराठीत, कारखान्याच्या सहीचा असावा आणि त्यावर बाईचेही नाव असावे. तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यावर पडावेत. उचल किती, फिटली किती, राहिली किती, हे दर पंधरवड्याला कागदावर द्यावे. कारखान्याने हंगाम लवकर बंद केला म्हणून उरलेली उचल अंगावर फिरू नये, तो तोटा कारखान्याचा. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा बंद करावा. टोळी उतरण्याआधी जागा, पाणी, वीज, संडास तयार हवेत, आणि बिबट्याच्या पट्ट्यात खोपी उसाला लागून नको. ग्रामपंचायतींचे कामही यात आहे. टोळी आली की आठवड्याच्या आत मुले जवळच्या शाळेत घालायची. रेशन देशात कुठेही मिळते असा नियम आहे, तेव्हा कार्ड चालत नाही म्हणून दुकानदाराने परत पाठवले तर सरपंचाने त्या दुकानात जाऊन उभे राहायचे.

एवढे केले तर टनामागे खर्च वाढेल, हेही लपवत नाही. काही रुपये कारखान्याचे जातील, काही आपल्या बिलातून जातील. इथेनॉल, सहवीज आणि मळीवर कारखाना काय कमावतो याचा हिशोब त्याच सभेत मागा, म्हणजे कोणी किती सोसायचे ते ठरवता येईल.

आपला ऊस सहकारी कारखान्याला जात असेल तर सभासद म्हणून वार्षिक सभेआधी हा विषय लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयात ढकलू देऊ नका. खासगी कारखान्याला ऊस घालत असाल तर ग्रामसभेत ठराव करा आणि त्याची प्रत कारखान्याला, तहसीलदारांना, साखर आयुक्तांना पाठवा. यंदाची उचल अजून वाटायची आहे. ती वाटण्याआधी कराराचा मसुदा गावात वाचून दाखवा, अशी मागणी करा.

शिरूर व दौंड तालुक्यांतील काही ऊस उत्पादक