हनुवटीखालचा पट्टा

वसुलीसाठी नव्या मोटारसायकलवर निघालेल्या तरुणाच्या डोक्यावर हेल्मेट असते. परंतु हनुवटीखालचा पट्टा पुष्कळदा मोकळाच लोंबत असतो. असे हेल्मेट आघाताच्या क्षणी निसटू शकते. आयएसआय चिन्हाच्या हेल्मेटमधील थर्माकोलसारखा थर स्वतः दबून आघात शोषतो. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बदलावेच. चामडे वर्ज्य मानणाऱ्या घरांसाठी जाड नायलॉनचे हातमोजे व जाकीटही मिळते.

कौशल्याचा पहिला धडा थांबण्याचा. वेग ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर असेल, तर ब्रेक लावल्यावर थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा वाढत्या दाबाने लावण्याचा सराव आधी मोकळ्या मैदानात करावा. वसुली उद्याही होईल. तरुणाने आज सुखरूप घरी परतावे.