टीव्ही जोडणाऱ्यांच्या घरातला इंजिनिअर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य घरोघर ऐकू येते, "पोराला कॉम्प्युटरला घालायचंय." वाक्य छोटे आहे, पण त्यामागे सगळ्या घराची आशा असते. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात मात्र या वाक्याला जोडून आणखी एक प्रश्न येतो, "कंपनी बंद पडली तशी ही विद्याही उद्या बंद पडली तर?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. म्हणून या वेळी आम्ही त्याचेच उत्तर शोधणार आहोत.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या औरंगाबादहून पैठणकडे निघाले की चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी चितेगाव लागते. व्हिडिओकॉन कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता हाच होता. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत रंगीत टीव्ही घराघरांत शिरला. त्या लाटेत चितेगावचे नाव देशभर पोचले. आसपासच्या खेड्यांतली शेतमजुरांची मुले कंपनीच्या गेटातून आत गेली. हातात विळ्याऐवजी सोल्डरिंगची इस्त्री आली, महिन्याला पगार आला, घरावर पत्रे आले, पोरे शाळेत गेली. हे उपकार कमी नाहीत.

पण दुनिया बदलत होती. जाड काचेच्या पिक्चर ट्यूबची जागा चपट्या पडद्याने घ्यायला सुरुवात केली होती. नेमक्या त्याच काळात, २००५ साली, व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पुढे काही वर्षांतच बाजारातून पिक्चर ट्यूब नाहीशी झाली. इतर धंद्यांतली कर्जेही वाढत गेली आणि जून २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे गेले. ज्या हातांनी देशाला टीव्ही दिला, त्या हातांपुढे दुसरे काम शोधण्याची वेळ आली.

यातून आपण काय शिकायचे? कारखान्यातल्या लाइनवर प्रत्येकाच्या वाट्याला एकच काम येते. कोणी प्लेटवर सुटे भाग बसवतो, कोणी सोल्डर मारतो, कोणी पेटी बंद करतो, कोणी चित्र तपासतो. वीस वर्षे एकाच जागी उभा राहिलेला माणूस आपल्या कामात तरबेज असतो. पण पूर्ण टीव्ही कसा चालतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. लाइन हलली की त्याचे कसब अधांतरी राहते. याला त्याची अक्कल कमी पडली असे कोणी म्हणू नये. त्याला यंत्राचा तुकडा दिला गेला, सबंध यंत्र दिले गेले नाही.

कॉम्प्युटर सिस्टीम्स इंजिनिअरिंग हे सबंध यंत्राचे शिक्षण आहे. आतली वीज कशी धावते, त्या विजेतून आकडेमोड कशी होते, आज्ञावली म्हणजे प्रोग्राम त्या यंत्राला कामाला कसा लावतो आणि एक यंत्र दुसऱ्याशी कसे बोलते, हे सारे त्यात एका धाग्यात शिकवतात. आपल्याकडे ही विद्या वेगवेगळ्या नावांनी मिळते. कोठे ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंग असते, कोठे कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, तर कोठे इलेक्ट्रॉनिक्स सिस्टीम इंजिनिअरिंग. कोणात यंत्रावर भर असतो, कोणात प्रोग्रामवर. पाटीवरच्या नावापेक्षा अभ्यासक्रमात काय आहे ते पाहावे.

पालकांना वाटते, हे आपल्या डोक्यावरून जाणारे आहे. तसे मुळीच नाही. घरी एक सेल, एक छोटा दिवा आणि दोन बटणे घ्या. दोन्ही बटणे एकापुढे एक जोडली, तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. तीच शेजारी-शेजारी जोडली, तर कोणतेही एक दाबले तरी दिवा लागतो. पहिल्या जोडणीचा अर्थ 'हे आणि ते', दुसरीचा अर्थ 'हे किंवा ते'. अशा साध्या जोडण्यांतून तर्क आणि गणित करता येते, हे क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले. आजच्या कॉम्प्युटरची उभारणी याच पायावर आहे. बटणाच्या जागी ट्रान्झिस्टर आले इतकेच. १९७१ साली निघालेल्या इंटेलच्या ४००४ या चिपमध्ये सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. आज आपल्या खिशातल्या मोबाइलच्या चिपमध्ये ते अब्जावधी असतात. ज्या बापाने आयुष्यभर प्लेटवर ट्रान्झिस्टर बसवले, त्याचे मूल ही विद्या शिकायला निघाले तर ते परक्या घरी चाललेले नाही.

पदवीचा अभ्यास चार वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, विजेची मूलतत्त्वे आणि प्रोग्राम लिहिण्याची सुरुवात असते. दुसऱ्या वर्षी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, यंत्राची अंतर्गत रचना आणि माहिती नीट मांडून ठेवण्याच्या पद्धती येतात. पुढे ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, मायक्रोप्रोसेसर हे विषय येतात आणि शेवटच्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. हा प्रकल्प विकत घेऊन सादर करण्याची वाईट चाल काही ठिकाणी आहे. आपल्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच प्रकल्पावर येतो.

सबंध यंत्राची जाण असली की काय घडते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने भारताला हवा तसा महासंगणक द्यायला नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले. या संस्थेने एक अवाढव्य प्रोसेसर शोधत बसण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडले, काम त्यांच्यात वाटून दिले आणि १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. मोठी शिळा एकट्याला उचलत नाही, शंभर हात लागले की हलते. मात्र ते हात एका तालात लागावे लागतात. तो ताल बसवणे म्हणजेच सिस्टीम्स इंजिनिअरिंग. ज्यांना यंत्र आणि प्रोग्राम या दोन्ही बाजू ठाऊक होत्या, त्यांनाच हे जमले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चार-सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स आणि इंजिनिअरिंग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एमएस-सीआयटी किंवा टायपिंगचा कोर्स वाईट नाही, नोकरीच्या अर्जाला त्याचा उपयोग होतो. पण त्यात यंत्र वापरायला शिकवतात, घडवायला शिकवत नाहीत. "कोर्स करा, लगेच इंजिनिअरसारखा पगार घ्या" असे सांगून कोणी पन्नास हजार मागत असेल, तर पैसे देण्यापूर्वी त्या पदवीला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे, हे लेखी मागावे.

खऱ्या शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. पहिली, दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. घरी लवकर कमाईची गरज असेल त्यांना ही वाट सोयीची, कारण पदविकेवरही काम मिळू शकते. दुसरी, बारावी विज्ञान करून सीईटी देणे. दोन्ही वाटांवर गणित सुटत नाही. आठवी-नववीत "गणित जमत नाही" म्हणून पोराने पाठ फिरवली, की इंजिनिअरिंगचे दार तिथेच अर्धे लोटले जाते. तेव्हा खर्च करायचा तर आधी गणितावर करा, लॅपटॉपचे नंतर पाहू.

चितेगावच्या मुलांना लांब जायची गरज नाही. शहरात १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात नायलिट ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे अभियांत्रिकी महाविद्यालय नागसेनवनात आहे. राज्यातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांना लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाची संलग्नता आहे आणि त्या विद्यापीठालाही बाबासाहेबांचेच नाव आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना निवेदन दिले. विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांना सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही मागणी त्यात होती. सामान्य शिक्षण आपली मुले कसेबसे घेतील, पण तंत्रशिक्षणाचा खर्च सरकारी मदतीशिवाय झेपणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ही शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फ्रीशिपचा आधार आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. बाहेरगावी शिकणाऱ्याला शासकीय वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. "सीट मिळवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागून शेत किंवा दागिने गहाण टाकू नका. दोन, शिष्यवृत्तीतला फीचा भाग विद्यार्थ्याच्या खात्यात जमा झाला, तर तो कॉलेजचा पैसा समजून ताबडतोब भरा. लग्नकार्यात तो खर्च झाला, की परीक्षेच्या तोंडावर पोराची अडवणूक होते. तीन, जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा. आजोबा-पणजोबांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा त्यासाठी लागतो. दाखल्यावर कोठे जुनी जात, कोठे नवबौद्ध, कोठे नुसते बौद्ध, अशा नोंदी आपल्याकडे असतात. त्यांची जुळणी करायला वेळ लागतो. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ते काम होत नाही.

प्रवेश मिळाला म्हणजे गंगेत घोडे न्हाले, असेही समजू नका. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिले सहा महिने इंग्रजी पुस्तकांचा धाक वाटतो. एखाद्या विषयात एटीकेटी लागते आणि पोर गप्प होते. घरी सांगायची लाज वाटते, कारण गावभर "इंजिनिअर होणार" अशी हवा झालेली असते. आईवडिलांनो, अशा वेळी रागावू नका. एक विषय राहिला म्हणजे पोर वाया गेले नाही. वरच्या वर्गातल्या आपल्या मुलांनी खालच्यांना शनिवार-रविवारी विहारात बसवून गणित आणि प्रोग्रामिंग शिकवावे. फळा, खडू आणि दोन तास, यापेक्षा त्याला जास्त काही लागत नाही. आणि मुलगी हुशार असेल तर "तिला कशाला एवढे?" हा शब्द घरात काढू नका. कॉम्प्युटरच्या कामात मनगटाचा जोर लागत नाही, डोके लागते. ते तिलाही आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ही विद्या बंद पडेल काय? आम्ही खोटा दिलासा देणार नाही. या क्षेत्रातल्याही नोकऱ्या जातात. साधे प्रोग्राम आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहू लागली आहे. ज्याने एकच सॉफ्टवेअर घोकून पाठ केले, त्याची गत लाइनवर एकाच जागी उभ्या राहिलेल्या माणसासारखी होऊ शकते. पण यंत्राचे मूळ ज्याला कळले, तो एका यंत्रावरून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. चितेगावच्या पुढेच बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीसाठी विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या कारखान्यांचे करार २०२४ मध्ये झाले. अशा गाडीतली बॅटरी, ब्रेक, मोटार यांवर देखरेख करणारे छोटे छोटे कॉम्प्युटर गाडीच्या पोटातच बसवलेले असतात. त्या गेटातून आपली मुले कशी आत जाणार? फक्त पेटी बंद करायला, की त्या पेटीत काय असावे हे ठरवायला?

कारखाने येतील आणि जातील. कंपनीने दिलेले काम कंपनीबरोबर जाते, डोक्यात उतरलेले मूळ ज्ञान कोणाच्या दिवाळखोरीत निघत नाही. चितेगावच्या पहिल्या पिढीने टीव्हीचे भाग जोडले. दुसऱ्या पिढीने सबंध यंत्र समजून घ्यावे. त्यासाठी आज संध्याकाळी एवढेच करा: मुलाची किंवा मुलीची गणिताची वही मागा आणि उघडून पाहा. गणित तुम्हाला येत नसले तरी चालेल. आपली वही घरात कोणीतरी पाहते, हे पोराला कळले तरी पुष्कळ झाले.