तंबूचं प्रमोशन

खरं सांगते, मी कट्टर तंबूपार्टीची. पुण्यात कॉलेजला असताना राजगडावर पद्मावतीच्या देवळात कॅरीमॅट टाकून झोपलेली. लग्नानंतर मेलबर्नला आले, तरी वीकेन्ड म्हणजे स्टोव्ह, स्लीपिंग बॅग आणि चार माणसांचा तंबू. गाडीमागे अख्खं घर ओढत नेणारी मंडळी दिसली की मी आणि नवरोबा खुसूखुसू हसायचो. एवढं सगळं बरोबर न्यायचं, तर घरीच बसा ना!

मग साताऱ्याहून आई आली. तीन महिन्यांसाठी, दोन्ही गुडघे बदलून. आमचा ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात जायचा बेत ठरला आणि ती म्हणाली, ‘तुम्ही जा. घर राखायला कुणीतरी हवंच की.’

साताऱ्याच्या घराला कुलूप लावून आलेली बाई आमचं भाड्याचं घर राखणार! जमिनीवरून उठताना लागणारा आधार तिला जावयासमोर मागायचा नव्हता, एवढंच.

बेत रद्द. नवरोबा लॅपटॉप उघडून बसला आणि ऑफ-रोड कॅम्पर ट्रेलर शोधायला लागला.

ही कॅरॅव्हॅन नव्हे बरं का. बुटकी, दणकट पेटी, तगडे टायर, उंच सस्पेन्शन. झाकण उलटलं की वर कॅनव्हासचा तंबू उभा राहतो. काहींत बेड उंचावर आणि चढायला शिडी. ते आमच्या कामाचे नव्हते. आमचा ‘फॉरवर्ड फोल्ड’: झाकण पुढे उलटतं, त्यावर मोठा बेड आणि आत खुर्चीच्या उंचीचा सोफा. रात्री त्याचाच दुसरा बेड. गाद्या नंतर पाहिल्या, आधी पायऱ्या मोजल्या. दोनच! सेकंडहॅण्ड घेतला, तरी भारतवारीची दोन वर्षांची बचत गेली.

तुमच्याही डोक्यात किडा वळवळत असेल, तर आधी वजन बघा. आमचा रिकामा ट्रेलर १४०० किलोंचा, भरून २००० च्या वर न्यायचा नाही. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, हे गणित विसरू नका. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या हुकवर यायला हवा. सगळं सामान मागे कोंबलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. रिव्हर्सची युक्ती अशी, की हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा. ट्रेलरची मागची बाजू जिकडे न्यायची, तिकडेच हात. तरी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आमचा संसार दोनदा मोडता मोडता राहिला.

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत निघालो. दोन दिवस ड्राइव्ह करून साउथ ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेसला. ब्रकाइना गॉर्जचा कच्चा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. गाडीची आणि ट्रेलरची हवा थोडी कमी केली, स्पीड उतरवला. लाल धूळ तरीही चहाच्या डब्यापर्यंत पोचली.

तोटे? आहेत. अरुंद वाटेवर तंबू नेता येतो, हा नाही. पेट्रोल ढसाढसा पितो. आणि ओला कॅनव्हास तसाच गुंडाळला तर बुरशी धरते, म्हणून परत आल्यावर रविवारी दारातच तो उघडून वाळवायचा. शेजाऱ्यांना वाटतं, आमचं भांडण झालंय.

पण पहिल्या पहाटे जाग आली ती स्टोव्हच्या आवाजाने. बाहेर कडाक्याची थंडी. आई कुणालाही हाक न मारता उठली होती, दोन पायऱ्या उतरून ट्रेलरचा किचनचा खण ओढून तिने आल्याचा चहा टाकला होता. समोरच्या कातळावर पिवळ्या पायांच्या रॉक वॉलबी उड्या मारत होत्या आणि ती नातीला दबक्या आवाजात त्या मोजून दाखवत होती.

परतताना मी मुद्दाम विचारलं, ‘आई, पुढच्या वेळी घर कोण राखणार?’

‘कुलूप आहे की!’