टंचाई कोणत्या भावाला?

आज पिकाचं नाही, ऍडमिशनचं लिहितो.

"कॉम्प्युटरलाच टाका पोराला, कंपन्यांना डेव्हलपर मिळेनात," असं पारावर जो तो सांगतोय. त्यापायी कुणी एकरभर रान विकायला काढलंय. म्हणून बोलावं लागतंय.

टंचाई हा शब्द आपल्याला नवा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये, आपला कापूस रानात उभा असताना, गिरण्यांना कापूस पुरावा म्हणून आयातीवरचं 11 टक्के शुल्क काढलं. कापूस नव्हता का? होता. त्यांना पाहिजे त्या भावात नव्हता.

खरी टंचाई भावावरून ओळखावी. 2021-22 ला ती खरंच होती. अनुभवी पोरं कंपनी बदलून पगार दीडपट-दुप्पट करून घेत होती. पण नवख्याचं काय? मोठ्या आयटी कंपन्यांत बारा वर्षांपूर्वी नव्या इंजिनिअरला सालाचे तीन-सव्वातीन लाख मिळायचे, आजही बहुतेकांना साडेतीनच्या आसपासच. डिझेल, खत, कॉलेजची फी कुठल्या कुठं गेली! ज्या मालाचा भाव बारा वर्षं हलत नाही, त्याची टंचाई कशी म्हणायची? 2022 नंतर तर ऑफर लेटर हातात घेऊन कित्येक पोरं वर्ष-दोन वर्षं घरी बसली. 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं.

कुणी म्हणेल, अनुभवी चांगला माणूस मिळत नाही. खरंय. पण अनुभवी माणूस आभाळातून पडत नाही, नवख्यालाच दोन-तीन वर्षं शिकवावं लागतं. रोप लावायचं नाही अन् फळ नाही म्हणून ओरडायचं, हे कसं चालेल?

त्यात 2024-25 पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांना एका शाखेच्या जागांवर असलेली मर्यादा उठवली. सगळ्यांनी एकाच साली कांदा लावला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. "मजूर मिळत नाहीत" म्हणतो, अन् सोयाबीन काढणीचं एकरी उक्तं वाढवून दिलं की दुसऱ्या दिवशी टोळी हजर.

पोराला आवड असेल तर जरूर शिकवा. पण टंचाई ऐकून रान विकू नका. सांगणाऱ्याला आधी एवढंच विचारा, टंचाई कोणत्या भावाला?